गोधडीचे अस्तर : मलमल की मांजरपाट?

भाद्रपदाचा वद्यपक्ष लागला आणि पावसाने थोडी उघडीप दिली, की खडकवासल्याहून पुण्याकडे येणाऱ्या कालव्याच्या काठी दरवर्षी एक देखावा दृष्टीस पडतो. घटस्थापनेपूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढावयाची, ही महाराष्ट्रातील घरोघरची चाल. त्यासाठी आसपासच्या व शहरातल्याही स्त्रिया, आणि त्यांजबरोबर ओझी वाहण्यापुरते पुरुष, गोधड्यांचे गठ्ठे घेऊन काठावर उतरतात. बडवण्याचा आवाज दूरवर ऐकू येतो, आणि दुपारपर्यंत झुडपांवर, कठड्यांवर व दगडी भिंतींवर रंगीबेरंगी गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. (हे पाणी पुढे पुणेकरांच्या पिण्यात जावयाचे असते, यास्तव साबणाचे पाणी कालव्यात न सोडता बाजूस बादलीत धुवावे, हे आम्ही मास्तरकीच्या सवयीने येथेच सांगून टाकतो.)

या वाळणाऱ्या गोधड्यांच्या दर्शनी बाजूकडे सर्वांचेच लक्ष जाते. लुगड्यांचे काठ, खणांचे तुकडे, परकरांची नक्षी यांची मौज पाहात मनुष्य पुढे जातो. परंतु तेथून जाताना आम्हांस त्यांच्या पाठी पाहण्याची खोड लागली आहे. कित्येक गोधड्यांची पुढची बाजू धडधाकट, आणि पाठ मात्र टाक्यांच्या ओळीने चिरत गेलेली. काहींची पाठ इतकी आटलेली की चारी कडा आत वळून गोधडीची परात झालेली. काहींस मागून सिंथेटिक चादर लावलेली. ती स्वतः शाबूत आहे, पण तिच्या पोटातले जुने सुती पदर गोळा होऊन एका कोपऱ्यात बसलेले. या तिन्ही गोष्टींचे कारण एकच, आणि ते म्हणजे अस्तर निवडताना विचार झाला नाही. पुढचा तुकडा कोठे बसवावा याचा खल दोन-दोन दिवस चालतो. मागे काय लावावयाचे ते मात्र दुकानातून परतताना आठवते.

मास्तराने गोधडीवर लेख लिहावा याचे कोणास हसू येईल. परंतु संस्कृत वाचणाऱ्यास ही वस्तू परकी नाही. आमच्या जुन्या ग्रंथांतील कन्था ती हीच. भर्तृहरीने वैराग्यशतकात शेकडो चिंध्यांच्या जीर्ण कन्थेचा उल्लेख केला आहे, तो अर्थातच दैन्याची खूण म्हणून. बंगाल्यात तोच शब्द काँथा या रूपाने आजही एका सुंदर शिवणकामास लावतात. आपल्याकडे गोधडी, वाकळ, चौघडी, दुपटे अशी निरनिराळी नावे आहेत. वाकळ म्हणताच आम्हांस वल्कल आठवते. अस्तर हा शब्द फारसीतून आला असे मानतात. पण संस्कृतात ‘स्तृ’ म्हणजे पसरणे या धातूपासून आस्तरण होते, आणि त्याचा अर्थ अंथरूण. दोन्ही भाषा मुळात बहिणी असल्यामुळे असे चेहरे जुळावयाचेच. असो.

गोधडीची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. रजईत पिंजलेला कापूस असतो. गोधडीत तो नसतो. जुन्या कपड्यांचे पदर एकावर एक घालून, ते हातच्या धावदोऱ्याने टाचून, ही वस्तू होते. नऊवारी लुगड्याची चौपदरी घडी घातली म्हणजे बरोबर सव्वादोन वारांची, अर्थात पावणेसात फूट लांबीची चौघडी हाती येते. मनुष्य पायापासून डोक्यापर्यंत झाकला जाईल इतके हे माप. लुगडे विणणाऱ्याने हे योजिले असेल असे नाही, पण आमच्या आज्यांनी त्याचा उपयोग करून घेतला खरा. पन्हा कमी पडला तर दुसऱ्या लुगड्याची पट्टी जोडीत. वर नक्षीचे तुकडे, मध्ये हे पदर, आणि खाली अस्तर. हे खालचे कापड अंगास लागते, घाम पिते, जमिनीवर घासते, दोऱ्याच्या गाठी पोटात घेते. आणि धुतेवेळी भिजून जड झालेल्या साऱ्या गोधडीचा भार पुष्कळदा त्यासच वाहावा लागतो. सुती कापड आपल्या वजनाहून अधिक पाणी सहज धरते. कोरडी गोधडी एका हाताने उचलणारी बाई ओली गोधडी उचलावयास दुसरीस हाक मारते. दोघी दोन टोकांस धरून पिळू लागल्या, की अस्तराची खरी परीक्षा त्या घटकेस होते.

पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण अस्तरास घरातले जुने धोतर असे. शेकडो धुण्यांनी मऊ झालेले, आटावयाचे तितके आटून गेलेले, रंग जाण्याची भीती नसलेले पांढरे सुती कापड याहून योग्य ते काय मिळणार? धोतरे गेली, लुगडीही बहुतेक घरांतून गेली. आता अस्तर विकत आणावे लागते, आणि विकत आणावयाचे म्हटले की नाव सांगावे लागते. घोटाळा तेथून सुरू होतो.

आमची एक भाची अमेरिकेत असते. तिकडे गोधडीसारखी पांघरुणे शिवण्याचा छंद पुष्कळ स्त्रियांस आहे, आणि तीही अशा एका वर्गास जाऊ लागली. दोन वर्षांपूर्वी तिने कळविले की, आजीची जी लुगडी घरी उरली आहेत त्यांची एक गोधडी करून पाठवावी, आणि तिला मागून मस्लिन लावावे. येथे सर्वजण तेच लावतात. आमच्या सौभाग्यवतींनी रविवार पेठेतील कापडगंजात जाऊन मस्लिन मागितले. दुकानदाराने मलमलीचे ठाण पुढे ठेवले. त्याचे काही चुकले नाही. मस्लिन म्हणजे मलमल, असेच आम्ही शाळेत शिकलो व शिकवीत आलो. पण तिने सोबत पाठविलेल्या चित्रातले कापड जाड, किंचित पिवळसर व बारीक काळसर ठिपक्यांचे होते. ते मलमल असणे शक्य नव्हते. तो आपला मांजरपाट होता.

शोध करता कळले ते असे. इंग्लंडात मस्लिन म्हणजे विरळ विणीचे तलम सुती कापड, म्हणजे आपली मलमल. अमेरिकेत मात्र साध्या विणीच्या, न धुवट केलेल्या, स्वस्त सुती कापडास मस्लिन म्हणतात. तिकडचे शिंपी भारी कापडास कात्री लावण्यापूर्वी याच स्वस्त कापडाचा नमुना बेतून पाहतात, आणि त्या नमुन्यासही मस्लिन हेच नाव आहे. त्याच कापडास इंग्रज लोक कॅलिको म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांत एका शब्दाचे दोन अर्थ, आणि मध्ये पुण्याचा दुकानदार!

या नावांत आणखी एक मौज आहे. मस्लिन हा शब्द इराकातील मोसूल शहराच्या नावावरून पडला असे मानतात. कॅलिको हे कालिकत, म्हणजे केरळातील कोळिकोड याचे. आणि मांजरपाट? त्यात मांजर नाही आणि पाटही नाही. गोदावरीच्या मुखाजवळ, आंध्रातील नरसापूरशेजारी मादापोल्लम नावाचे गाव आहे. सतराव्या शतकात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची तेथे वखार होती, व तेथून जाणाऱ्या साध्या सुती कापडास गावाचेच नाव पडले. जुनी माणसे मादरपाट म्हणत. लोकांच्या जिभेने त्याचा मांजरपाट केला. तीन कापडांची नावे ही मुळात तीन गावांची नावे.

खरी मलमल ती ढाक्याची. मेघना नदीच्या काठच्या फुटी नावाच्या कापसापासून तिचे सूत निघे. आबेरवाँ म्हणजे वाहते पाणी, शबनम म्हणजे दव, अशी तिच्या प्रकारांची नावे होती. कंपनीच्या अमलात व पुढे विलायतेच्या गिरणी कापडापुढे तो धंदा बुडाला. अलीकडे बांगलादेशात ते सूत व ती वीण पुन्हा साधण्याचे प्रयत्न झाले असून, २०२० साली तेथे ढाक्याच्या मलमलीस भौगोलिक निर्देशांकही मिळाला. आज आपल्या दुकानांत मलमल म्हणून मिळते ती अर्थात ही नव्हे. ती यंत्रमागावरची, बारीक सुताची, विरळ विणीची साधी मलमल. गोधडीस तीच बस.

आता या दोन कापडांचे गुणदोष पाहू.

मलमल मऊ असते, हवा खेळू देते, घाम टिपते, लवकर वाळते. खडकवासल्यासारख्या गावी, जेथे जलाशयावरून येणारा वारा आषाढ-श्रावणात कपडे आठ-आठ दिवस वाळू देत नाही, तेथे लवकर वाळणे हा लहान गुण नव्हे. सुई तीत सहज जाते. हाताने शिवणाऱ्या वृद्ध बाईचे मनगट दुखत नाही. दोष दोन. पहिला, ती एकेरी लावली तर ओल्या गोधडीचा भार तिला पेलत नाही व ती टाक्यांच्या ओळीवर फाटते. कालव्याकाठी दिसणाऱ्या चिरलेल्या पाठी बहुधा याच. दुसरा, ती विरळ असल्यामुळे आतला गडद रंग बाहेर दिसतो. हाताच्या पंजावर मलमल पसरून पाहावी. तळहातावरील रेषा स्पष्ट दिसल्या तर तिचे एकेरी अस्तर करू नये.

मांजरपाट दणकट. तो जमिनीवर घासला तरी चालतो, पिळला तरी चालतो, स्वस्तही पडतो. परंतु कोरा मांजरपाट म्हणजे खळीने ताठ केलेले कापड. मागावर उभा धागा तुटू नये म्हणून त्यास खळ देतात, आणि कापसाचे नैसर्गिक मेणही त्यात तसेच असते. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो मोत्यासारखा वर बसून राहतो. असे कापड घाम कसे टिपणार? शिवाय ते आटते. किती आटते हे दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर ठेवू नये. चारी बाजूंस २० इंच मोजून पेन्सिलीने चौकोन आखावा, कापड धुवावे, वाळवावे, आणि पुन्हा मोजावे. २० चे १९ झाले तर ५ टक्के गेले. ९० इंच लांबीच्या अस्तरात हेच साडेचार इंच होतात. ज्या जुन्या पदरांस ते टाचले आहे ते तर आणखी आटावयाचे नाहीत; मग पाठ आखडते, कडा वळतात, आणि वर सांगितलेली परात तयार होते.

यास उपाय सोपा आहे, पण लोक तो आळसाने करीत नाहीत. मांजरपाट रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावा. सकाळी ते गढूळ पाणी टाकून, कढत पाण्यात साबण घालून चांगला चोळावा, आणि कडक उन्हात वाळवावा. असे निदान दोन वेळा करावे. दुसऱ्या खेपेनंतर थेंब टाकताच कापड तो पिऊन टाकील, तेव्हा ते शिवण्याजोगे झाले असे समजावे. सरकीचे काळसर कण राहतात, त्यांची चिंता करू नये. कालांतराने ते फिकट होतात. खादीचे अस्तर लावणाऱ्यांनी तर हा विधी कधीच चुकवू नये.

येथपर्यंतचे विवेचन वाचून, मग रोजच्या वापरास धुतलेला मांजरपाट उत्तम, असा निकाल कोणी देईल. रोजच्या वापराच्या गोधडीपुरता तो आम्हांसही मान्य आहे. प्रवासात न्यावयाची, पोरांनी गच्चीवर अंथरावयाची, पाहुण्यांस द्यावयाची गोधडी त्या अस्तरावर पुष्कळ वर्षे टिकते. परंतु घरात दुसऱ्या जातीचीही एक गोधडी असते. ती थंडीसाठी शिवलेली नसते. गेलेल्या माणसाचे वस्त्र घरात राहावे म्हणून शिवलेली असते. तिचा नियम निराळा आहे, आणि या लेखाचे मुख्य प्रयोजन तेच.

आमच्या मातोश्री निवर्तल्या तेव्हा त्यांची पाच लुगडी ट्रंकेत होती. त्यांतील तीन आमच्या थोरल्या बंधूंनी शहरातील एका कारागिराकडे गोधडीसाठी दिली. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याने हौसेने काम केले. मागे नवी कोरी, जाड, टेरिकॉटची चादर लावली, आणि सारे यंत्रावर बारीक टाक्याने शिवून दिले. गोधडी दिसावयास देखणी होती, व हातास भरभक्कम लागे. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी ती धुऊन वाळत घातली तेव्हा लुगडी टाक्यांच्या प्रत्येक ओळीवर फाटलेली आढळली, तिकिटाचा कागद भोकांच्या ओळीवर फाटावा तशी. चादरीस काहीही झाले नव्हते. ती आजही शाबूत आहे. आमच्या बंधूंकडे ती गादीवर घालतात. मातोश्रींची तीन लुगडी मात्र गेली.

असे का व्हावे? जुन्या सुताचा जोर सरलेला असतो. त्यास नव्या दणकट कापडाशी घट्ट टाचले, की ओढ पडताच दोघांपैकी जे दुबळे ते फाटते. पिळताना, झटकताना, झोपेत पायाने ओढताना नवे कापड जागचे हलत नाही, आणि सारा ताण जुन्या धाग्यांवर येऊन पडतो. त्यात यंत्राचा बारीक टाका म्हणजे इंचाइंचात दहा-बारा छिद्रे. रोजच्या गोधडीत हे चालून जाते, कारण तिचे वरचे कापडच आपण बदलीत राहतो. ठिगळावर ठिगळ देण्यास कोणाचा जीव अडखळत नाही. ठेवणीच्या गोधडीत वरचे कापड बदलता येत नाही. मग तेथे फाटावयाचे असेल तर अस्तर फाटले पाहिजे, वरचे कापड नव्हे. अस्तर पुन्हा बाजारातून आणता येते.

म्हणून ठेवणीच्या गोधडीस मलमलच लावावी, असे आमचे मत झाले आहे. ती दुबळी आहे हाच येथे तिचा गुण. एकेरी मात्र नको, दुपदरी घालावी. दोन पदरांत आतला रंगही दिसत नाही, आणि एक पदर कोठे विरला तरी दुसरा वेळेवर सूचना देतो. तीही आधी दोन वेळा धुऊन घ्यावी. भाचीकडे धाडलेल्या गोधडीस, तिच्या मस्लिनच्या आग्रहास न जुमानता (किंवा शब्द धरला तर त्यास अक्षरशः मान देऊन), आमच्या सौभाग्यवतींनी अशी दुपदरी मलमल लावली. ट्रंकेतली उरलेली दोन लुगडी तीत आहेत. हाताने शिवण्यास पावणेतीन महिने लागले. तिकडे धुण्याचे व वाळविण्याचे दोन्ही यंत्र असते. त्यांपैकी वाळविण्याच्या यंत्रात ती कधीही घालू नये, एवढी ताकीद सोबत लिहून दिली.

हात की यंत्र, या वादात आम्ही पडत नाही. घाईच्या कामास यंत्र चांगलेच. पण जुन्या कापडावर हातचा धावदोरा मऊ बसतो; टाके दूर दूर असतात, आणि दोरा थोडा सैल राहिल्याने ओढीबरोबर तोही थोडा सरकतो. दोरा सुतीच घ्यावा. सिंथेटिक दोरा तुटत नाही, पण कापड कापतो. ओळींत एक बोटाचे अंतर पुरे होते. शिवण कडेकडून मध्याकडे नेत जावे म्हणजे चारी कडा आधी पक्क्या होतात व पदर सरकत नाहीत, ही पद्धत आपल्याकडील अनेक बायांची. तीच पद्धत कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापुराच्या रानांत राहणाऱ्या सिद्दी लोकांत आढळते. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या गोधडीस कवंदी म्हणतात. जुनी साडी अस्तर म्हणून पसरून, तिच्यावर कडेपासून तुकडे बसवीत व टाचीत बायका मध्यापर्यंत येतात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांस घडीची त्रिकोणी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांस उघडीबोडकी वाटते. अमेरिकन अभ्यासक हेन्री ड्रेवाल यांनी त्यांच्या या कामाचा अभ्यास केला असून २०११ साली न्यूयॉर्क येथे त्याचे प्रदर्शनही झाले. आम्हांस त्यात विशेष वाटले ते हे की, त्यांचेही अस्तर जुने, वापरून मऊ झालेले कापडच असते. नव्या कापडाचा सोस त्यांस नाही.

तान्ह्या मुलाच्या दुपट्यासंबंधी मतभेद संभवत नाही. तेथे मलमल, व तीही शक्य तर वापरलेली. मांजरपाट कितीही धुतला तरी नवजात कातडीस तो खरखरीतच. गाठी आत घ्याव्यात, बटण-टिकली काही लावू नये. मात्र वर्षाच्या आतील मुलावर झोपेत सैल पांघरूण घालू नये असे आजचे बालवैद्य बजावतात. तेव्हा दुपटे मांडीवर घेताना व जागेपणी अंगाखाली अंथरावयास वापरावे.

रजई ही वेगळी वस्तू असल्याचे वर आलेच आहे. जयपूरकडे तलम मलमलीत थोडा कापूस भरून हलकी रजई करतात, तिचे कौतुक सर्वत्र आहे. ते पाहून आपल्या गादीवाल्याकडून मलमलीच्या खोळीत कापूस भरून घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, विरळ विणीतून कापसाचे तंतू हळूहळू बाहेर येतात व अंगास चिकटतात. तिथे वीण दाट पाहिजे. गोधडीत पिंजलेला कापूसच नसल्याने ही अडचण येत नाही.

कापड मिळते कोठून, हेही सांगितले पाहिजे. एके काळी मुंबईच्या गिरण्यांचा मांजरपाट गावोगावच्या दुकानांत असे. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्यांतील पुष्कळ गिरण्या कायमच्या बंद पडल्या. आज साधे सुती कापड बहुतांशी यंत्रमागावर निघते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी ही त्याची ठिकाणे. इचलकरंजीस पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसविला, आणि त्या लहानशा जहागिरीच्या गावाचे पुढे कापडाचे केंद्र झाले. यंत्रमागाच्या कापडात सूत निव्वळ कापसाचे आहे की मिश्र, हे विचारून घ्यावे. विचारूनही संशय राहिला तर कडेचे दोन धागे ओढून चिमट्यात धरून ज्योतीस लावावेत. कापूस कागदासारखा जळतो व मऊ राख होते. मिश्रणाचा धागा वितळून त्याची कडक गोळी बनते. हा प्रयोग मुलांस दूर ठेवून करावा.

माप किती घ्यावे? पाच फूट रुंद व पावणेसात फूट लांब गोधडी धरली, तर चारी बाजूंस चार-चार बोटे नव्हे, चार-चार इंच अधिक ठेवावेत. गोधडी टाचताना वरचे पदर पसरतात व अस्तर अपुरे पडते. शिवाय उरलेली कड पुढे वळवून तिचाच गोट करता येतो. म्हणजे अस्तर ६८ इंच रुंद व ८९ इंच लांब हवे. ४४ इंच पन्ह्याचे कापड असेल, आणि ते ५ टक्के आटेल असे धरले, तर ९४ इंचांचे दोन तुकडे, म्हणजे १८८ इंच. सव्वापाच वारांत एक इंच कमी. दुकानात आता मीटरचा हिशेब, तेव्हा पाच मीटर मागावे. दुपदरी मलमलीस अर्थात दुप्पट. जोड मध्यभागी आणू नये. गोधडीची घडी नेमकी मध्यावर पडते, व जोडाची जाड शिवण तेथेच प्रथम झिजते. एक तुकडा सबंध मध्ये ठेवावा, दुसरा उभा चिरून त्याचे दोन भाग दोन बाजूंस लावावेत. दुपदरी अस्तरात तर दोन पदरांचे जोड एकावर एक न येतील असे पाहावे.

ठेवणीची गोधडी धुताना ती टोकास धरून पाण्याबाहेर ओढू नये. मोठ्या टोपलीत किंवा चादरीत ठेवून, ती चादरच दोघांनी उचलावी, म्हणजे पाण्याचा भार चादरीवर राहतो. पिळू नये, घडी घालून हाताने दाबून पाणी काढावे, आणि दोरीवर न टांगता सपाट जागी, अस्तर वर करून, सावलीत वाळवावी. आश्विनातले कोरडे ऊन-वारे याला पुरतात. पावसाळ्यात धुऊच नये.

कधीतरी मलमल विरेल. ती विरू द्यावी, पण ठिगळ देत बसू नये. कडेचा गोट उसवून, अस्तरापुरते टाके एक-एक ओळ कापून काढावेत. कात्रीचे टोक नेहमी अस्तराच्या बाजूस ठेवावे. पदर जागचे हलू नयेत म्हणून एका वेळी वीतभरच उसवावे, नवी मलमल तेवढीच बसवून टाचावी, मग पुढची वीत. हे काम एकट्याने होत नाही. दोघीजणी समोरासमोर बसल्या तर चार-पाच दुपारी लागतात. नव्या कापडाचा रंग व वीण पहिल्यासारखी मिळेलच असा भरवसा नसतो, यास्तव पहिल्याच खेपेस मलमल पाच मीटर जास्त आणून, तीही बरोबरच धुऊन, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवावी, आणि घडीवर वर्ष लिहिलेली चिठ्ठी टाचावी. आमच्या ट्रंकेत अशी एक घडी आहे. लुगडी होती त्याच जागी.